पेशंटने हात उचलला आणि वॉर्डात सगळे म्हणतात 'चालायचंच'

प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. एक तरुण सिस्टर आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन दीड वर्ष झालंय, कोकणातल्या एका हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डात ड्युटी करते. गेल्या आठवड्यात संध्याकाळच्या गोळ्या वाटताना एका पुरुष पेशंटने तिच्या कानाखाली मारली, केस धरून खाली ओढलं, वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) धावत आले म्हणून सुटली. इन्चार्ज म्हणाल्या सायकियाट्रीत हे चालायचंच, रिपोर्ट कशाला करतेस, उलट वरून तुलाच विचारतील नीट हँडल का नाही केलंस म्हणून. ती विचारतेय की चूक माझी का, रिपोर्ट करू की नको, पेशंटवर केस होते का, आणि आता वॉर्डाच्या दाराशी आलं की पोटात गोळा येतो त्याचं काय करू, वॉर्ड बदलून मागू का.

मी सव्वीस वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली एकोणीस मानसोपचारात, बहुतेक सगळी सिंधुदुर्ग बाजूला. तुला अगं-तुगंच करते, माझ्या लेकीएवढी आहेस.

पहिलं म्हणजे, कान दाखवलास का? तू लिहिलं नाहीस म्हणून विचारते. उघड्या तळव्याची कानावर बसली की पडदा फाटू शकतो, त्यामुळे कान वाजत असेल, कमी ऐकू येत असेल, आतून ओलं ओलं वाटत असेल तर ईएनटीला, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरना दाखव आणि तोपर्यंत कानात तेल, थेंब, पाणी काही जाऊ देऊ नकोस. केस ओढले म्हणजे मानेलाही झटका बसलाय, हाताला मुंग्या येतायत का बघ. आणि हे सगळं स्वतःच्या नावाने केसपेपर काढून कर. आपण नर्सेस दुसऱ्यांचे हजार केसपेपर भरतो आणि स्वतःला लागलं की ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरून कापूस घेऊन पुसून टाकतो, तसं करू नकोस. पुढे कधी चावा बसला आणि कातडी फाटली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, टिटॅनस, हिपॅटायटिस बीचे तुझे तीन डोस झालेत का ते बघायचं, आणि एचआयव्हीची पीईपी (लागण होऊ नये म्हणून घ्यायची औषधं) लागेल का हे डॉक्टरना लगेच विचारायचं कारण ती ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते आणि जितकी लवकर तितकी बरी.

आता 'चालायचंच' बद्दल. नाही चालायचं. एक्स-रेच्या टेक्निशियनला कोणी म्हणतं का की किरणं लागायचीच, ॲप्रन कशाला मागतोस? मानसोपचार वॉर्डात मार बसण्याचा धोका जास्त आहे हे जगभरात खरं आहे, पण धोका आहे म्हणजे त्याची तयारी हवी, तो गिळायला हवा असं नाही. तुझ्या इन्चार्ज वाईट आहेत असं मी म्हणत नाही, त्यांनीही त्यांच्या काळात असाच मार खाल्लाय आणि त्यांना कोणीतरी हेच सांगितलंय, मलाही सांगितलं होतं आणि मीही काही वर्षं माझ्या ज्युनियर पोरींना हेच सांगत होते, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पण दुसरी बाजूही तेवढीच ठामपणे सांगते. त्या पेशंटला गुंड समजू नकोस. वॉर्डातले बहुतेक पेशंट कधीच कोणावर हात उचलत नाहीत, उलट बाहेर असताना त्यांनीच मार खाल्लेला असतो, घरच्यांचा, गावातल्या पोरांचा, कधी एखाद्या भगताचा. जो उचलतो तोही बहुतेक वेळा घाबरलेला असतो, किंवा दुखत असतं, किंवा त्याला कोणीतरी काहीतरी सांगितलेलं नसतं. एकोणीस वर्षांत मी एवढंच शिकले की थपडेच्या आधी एक अर्धा तास असतो, कधी अख्खा दिवस असतो, आणि खरी चूक तिथे असते. आणि ती चूक एकट्या सिस्टरची क्वचितच असते, वॉर्डाची असते.

माझंच सांगते. एक हॉस्पिटल, नाव घेत नाही, फिमेल वॉर्ड, गणपतीच्या आधीचे चार-पाच दिवस. एक मावशी होत्या पन्नाशीच्या, स्किझोफ्रेनिया, पण औषधावर छान सेटल, स्वतः पेज वाढायला मदत करायच्या. त्या सकाळपासून विचारत होत्या, "सिस्टर, भाव कधी येतलो?" भाऊ मुंबईहून येणार, चवथीला घरी नेणार असं ठरलं होतं. मी दुपारच्या ड्युटीला आले, त्यांनी मला विचारलं, मी म्हटलं बघू. परत विचारलं, म्हटलं उद्या बघू. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी इंडेंट (सामानाच्या मागणीचा कागद) भरत होते, मान वर न करता म्हटलं सांगितलं ना मावशी उद्या. रात्रीच्या गोळ्यांना त्यांनी स्टीलचा गिलास घेतला, पाणी प्याल्या नाहीत, तो गिलास माझ्या भुवईवर मारला. तीन टाके पडले, खूण अजून आहे. नंतर कळलं की भावाचा सकाळीच फोन आला होता की या वर्षी नेत नाही. सकाळच्या सिस्टरने फोन घेतला, आणि ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीला वॉर्ड सोपवताना, सांगायला विसरली कारण त्या दिवशी दोन नवीन ॲडमिशन होत्या. मावशींनी फोन वाजलेला ऐकला होता, आपलं नाव ऐकलं होतं. दिवसभर त्या फक्त एवढंच तपासत होत्या की खरं कोण सांगतंय.

त्यांना त्या रात्री बांधलं. इंजेक्शन दिलं. केसपेपरवर लिहिलं गेलं 'विनाकारण व्हायोलंट'. हा 'विनाकारण' शब्द मी त्यानंतर कधी लिहिला नाही.

म्हणून तू आधी शांतपणे बसून त्या दिवशीचा अर्धा तास आठव. स्वतःला दोषी ठरवायला नाही, तर कळायला. त्याची सिगारेट किंवा तंबाखू बंद केली होती का? नातेवाईक भेटून गेले होते की यायचे होते आणि आले नाहीत? रांगेत मागे ढकलला गेला? नवीन गोळी चालू झाली होती? तू त्याला उठवलंस का, अंगाला हात लावून? गोळ्यांची वेळ, जेवणाची वेळ, भेटीची वेळ संपताना आणि ड्युटी बदलताना, या चार वेळा मला सगळ्यात जास्त धोक्याच्या वाटतात, कारण तेव्हा सगळे घाईत असतात आणि प्रत्येक गोष्टीला 'थांबा' किंवा 'नाही' असंच उत्तर मिळतं.

आणि शरीराची कारणं, ही तर आपण नर्सेसनीच पकडायची असतात कारण पेशंटजवळ आपण असतो. अचानक बिथरलेला पेशंट म्हणजे आधी साखर बघ, ऑक्सिजन बघ, ताप बघ, डोक्याला मार आहे का बघ, म्हातारं माणूस असेल तर लघवीचं इन्फेक्शन आणि तुंबलेली लघवी बघ. हॅलोपेरिडॉलवर (भ्रम, बिथरणं आवरायचं औषध) असलेला माणूस एका जागी बसू शकत नाही, सारख्या येरझारा, पाय हलवतोय, चिडलाय, तर तो आजार वाढलाय असं समजून आणखी इंजेक्शन दिलं जातं आणि खरं तर ती त्या औषधाचीच तगमग असते, अकाथिसिया, म्हणजे जास्त दिलं की जास्त बिथरणार. हे डॉक्टरांच्या कानावर घालणं तुझं काम आहे, घाबरू नकोस सांगायला.

दारूचं तर आपल्याकडे वेगळंच सांगायला हवं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला, हातात काम नाही, खलाशी दोन महिने पितात. ऑगस्टला बोट पाण्यात जाते आणि बोटीवर दारू मिळत नाही, किंवा मालक देत नाही. मग दोन-तीन दिवसांनी डीटी (दारू एकदम तुटल्यावर येणारा भ्रम) सुरू होतो, हात थरथरतात, घाम, दिसू नये ते दिसतं. एका वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक नेपाळी खलाशी आणला होता, बावीस-तेवीसचा असेल, रात्री साडेदहा, बाहेर पाऊस कोसळतोय, लाईट गेलेली, जनरेटर फक्त आयसीयूला. तो ओरडत होता "पानी, पानी". आम्ही त्याला ग्लासभर पाणी दिलं, त्याने उडवलं. परत पानी पानी, परत ग्लास. ब्रदर (पुरुष नर्स) धरायला गेला तर त्याने ब्रदरच्या हाताचा लचका तोडला. मग वॉर्डातल्या एक आया मावशी म्हणाल्या, अहो तो पाणी मागत नाहीये, तो खाटेवरून खाली बघून ओंजळीने काहीतरी उपसतोय. त्याला बोटीत पाणी भरताना दिसत होतं. आणि आम्ही आणखी पाणी आणून देत होतो.

ते कळल्यावर आम्ही काय केलं, तर टॉर्च त्याच्या डोळ्यावर मारणं बंद केलं, टॉर्च आमच्या स्वतःच्या चेहऱ्यावर आणि फरशीवर धरला, फरशी कोरडी आहे हे हाताने थापटून दाखवलं, एकच माणूस बोलला, हिंदीत, छोटी छोटी वाक्यं, ये हॉस्पिटल है, बोट किनारे पे है, मैं सिस्टर हूं. लोराझेपाम (दारू तुटल्याचा त्रास आवरायचं औषध) दिलं, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिलं. पूर्ण शांत नाही झाला पण हात उचलणं थांबलं. अशा पेशंटला नुसतं सेरेनेस (हॅलोपेरिडॉलच) देऊन गप्प करायचा मोह होतो, पण दारू सुटलेल्या माणसाला त्याने फिट येण्याचा धोका वाढतो, हे लक्षात ठेव आणि ऑर्डर फोनवर घेत असशील तर दारूची हिस्टरी आधी सांग, मग बाकीचं.

आता आधी ओळखायचं कसं. नॉर्वेत तयार झालेली एक चेकलिस्ट आहे, ब्रोसेट नावाची, सहाच गोष्टी बघायच्या: गोंधळलेला आहे का, चिडचिडा आहे का, आरडाओरडा-दाराची आदळआपट चाललीय का, अंगावर धावून येण्याचा आव आणतोय का, तोंडी धमकी देतोय का, वस्तू फोडतोय का. प्रत्येकाला एक मार्क. शून्य म्हणजे धोका कमी, एक-दोन म्हणजे लक्ष ठेवा, तीन किंवा जास्त म्हणजे पुढच्या २४ तासांत काहीतरी होण्याची शक्यता बरीच, आत्ताच तयारी करा. एक मिनिट लागतं. त्यातली मुख्य गोष्ट ही की त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्याच्या मानाने बघायचं, जो कायमच मोठ्याने बोलतो त्याला त्याचा मार्क द्यायचा नाही. आमच्याकडे आम्ही ओव्हरच्या वहीत प्रत्येक पेशंटच्या नावापुढे हा आकडा लिहायला लागलो, कोणाची परवानगी लागली नाही, कुठला फॉर्म लागला नाही, आणि ओव्हर देताना 'सगळे शांत आहेत' हे वाक्य बंद झालं. त्याच वहीत एक रकाना केला, 'आज कोणाला काय वाईट बातमी मिळाली'. भावाचा फोन, बँकेचं पत्र, बायको माहेरी गेली, सुट्टी नामंजूर. हा रकाना मला त्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लेन बावर्स यांनी सेफवॉर्ड्स म्हणून जे मॉडेल केलंय त्यातही हेच आहे, वाईट बातमी कोणाला मिळालीय ते आधी हेरून त्याच्याजवळ जाऊन बसणं, नाही म्हणताना कारण सांगून मऊ शब्दांत म्हणणं, पेशंट आणि स्टाफ यांनी एकमेकांना माणूस म्हणून थोडं ओळखणं, ओव्हर देताना प्रत्येक पेशंटबद्दल एकतरी चांगली गोष्ट सांगणं, अशा दहा साध्या गोष्टी. १५ हॉस्पिटलांतल्या ३१ वॉर्डांत त्याची रीतसर चाचणी झाली, २०१५ ला छापून आली, भांडण-मारामारी-पळून जाणं असले प्रसंग १५ टक्क्यांनी कमी झाले आणि बांधणं, जबरदस्तीचं इंजेक्शन वगैरे २६ टक्क्यांनी. लोक म्हणतील ते तिकडचं, आपल्याकडे स्टाफ कुठेय. पण कारण सांगून नाही म्हणायला जास्त स्टाफ लागत नाही गं. "आत्ता बिडी नाही" आणि "बिडी साडेपाचला मिळेल, घड्याळ बघा, काटा इथे आला की मीच बोलवते" यात पाच सेकंदांचा फरक आहे. पण साडेपाचला खरंच बोलवायचं, नाहीतर पुढच्या वेळी तुझं ऐकणार नाही आणि त्याचं बरोबरच असेल.

उभं राहण्याचं थोडक्यात सांगते कारण हे शिकवलंच जात नाही. दोन हातांपेक्षा जवळ नको, समोरासमोर छाती करून नको, थोडं तिरकं, हात दिसतील असे. दाराकडे तुझी पाठ नको पण दार तुझ्या बाजूला हवं, खाट आणि भिंत यांच्या मध्ये कधी शिरू नकोस, आणि त्याचाही रस्ता अडवू नकोस कारण कोंडलेला माणूसच मारतो. केसांचा घट्ट अंबाडा, आयकार्डची दोरी गळ्यात नको, ती खिशाला क्लिपने लाव, लांब मंगळसूत्र आत किंवा घरी, काचेच्या बांगड्या नको, खिशात कात्री नको. केस धरले तर ओढून सोडवायला जाऊ नकोस, आपले दोन्ही हात त्याच्या मुठीवर दाबून मूठ आपल्याच डोक्याशी घट्ट धर, म्हणजे ओढ कमी होते, आणि ओरड. चावा घेतला तर हात मागे खेचायचा नाही, खेचला की लचका निघतो, उलट तोंडाच्या दिशेने आत दाबायचा, जबडा सैल पडतो. त्या ब्रदरने खेचला होता. गोळ्या वाटताना एकटी ट्रे घेऊन खाटेखाटेपाशी फिरू नकोस, काउंटरला बोलव, आणि मामा नजरेच्या टप्प्यात असू देत. मामा चहाला गेलेत तर गोळ्या दहा मिनिटं उशिरा दे, काही बिघडत नाही.

आणि बोलताना एकानेच बोलायचं. आपल्याकडे काय होतं की एक पेशंट बिथरला की मामा, मावशी, सिस्टर, दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक सगळे एकदम समजवायला लागतात, कोणी दम देतो, कोणी देवाची शपथ घालतो. एक आवाज, बाकीचे गप्प आणि मागे. जास्त पेशंट आजूबाजूला असतील तर त्यांना आधी दुसरीकडे न्या.

नाहीच जमलं तर धरावं लागतं, ते मी नाकारत नाही. पण त्याचा कायदा आहे आणि तो तुला पाठ हवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याच्या कलम ९७ प्रमाणे एकांतात कोंडून ठेवणं पूर्ण बंद, आणि कलम ९५ प्रमाणे साखळदंड कुठल्याही प्रकारे बंद. शरीराने धरणं किंवा बांधणं हे फक्त तेव्हा, जेव्हा स्वतःला किंवा दुसऱ्याला लगेच इजा होणार आहे आणि दुसरा काहीच उपाय नाही, त्याला त्या पेशंटच्या उपचाराची जबाबदारी असलेल्या सायकियाट्रिस्टची परवानगी हवी, गरजेपेक्षा एक मिनिट जास्त नको, पद्धत, कारण, वेळ सगळं केसपेपरवर लगेच हवं, पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवायला हवं, शिक्षा म्हणून कधीच नाही. आणि आणखी एक ओळ आहे त्यात, जी मी प्रत्येक मेट्रनला (नर्सेसच्या प्रमुखाला) वाचून दाखवलीय: स्टाफ कमी आहे एवढ्या कारणावरून बांधता येणार नाही. ही ओळ पेशंटसाठी लिहिलीय पण ती आपल्याही बाजूची आहे. नाईटला एक सिस्टर, एक मामा आणि चाळीस पेशंट अशी ड्युटी मी केलीय, आणि त्या वॉर्डात रात्री आठला काही पेशंट नुसते 'सेफ्टीसाठी' बांधले जायचे. सकाळी सोडले की त्यांचा पहिला राग कोणावर निघायचा सांग. बांधून ठेवल्याने मार कमी होत नाही, तो पुढच्या शिफ्टवर ढकलला जातो.

धरताना पालथा कधी पाडायचा नाही, पाठीवर छातीवर गुडघा नाही, तोंडावर उशी-चादर नाही, श्वास बंद पडतो, अशाने माणसं दगावलीत. डोकं सांभाळायला एक आणि प्रत्येक हातापायाला एक असे पाच जण लागतात, दोघांनी धरायला गेलं की दोघंही आणि पेशंटही जखमी. इंजेक्शनमध्ये हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र, म्हणजे आपण सेरेनेस-फेनरगन म्हणतो ते, यावर आपल्याच वेल्लोरच्या सीएमसीत चांगले अभ्यास झालेत, २००४ आणि २००७ ला छापून आले. एकट्या हॅलोपेरिडॉलने मान वाकडी होते, डोळे वर जातात, ते फेनरगनमुळे टळतं. इंजेक्शन दिलं की काम संपलं असं नाही, तिथून पुढे श्वास, नाडी, बीपी, बांधलं असेल तर बोटांचा रंग, पाणी, लघवी, आणि कोणीतरी सतत नजर ठेवून.

रिपोर्ट करू का, याचं उत्तर हो. पेशंटला शिक्षा व्हावी म्हणून नाही. तू रिपोर्ट केला नाहीस तर कागदावर तुझा वॉर्ड शांत आहे, आणि शांत वॉर्डाला जास्तीचा मामा कोणी देत नाही. कसा लिहायचा ते मात्र महत्त्वाचं. 'पेशंट व्हायोलंट झाला, स्टाफला मारहाण केली, इंजेक्शन दिलं' असं लिहिलंस तर त्यातून काही कळत नाही. असं लिही: "सायं. ६.४० वा. गोळ्या वाटप. वॉर्डात ३४ पेशंट, ड्युटीवर मी एकटी आणि एक वॉर्डबॉय, वॉर्डबॉय जेवणाचा डबा आणायला खाली गेलेला. पेशंट दुपारी ४ पासून येरझारा घालत होता, घरी फोन लावून द्या असं तीन वेळा म्हणाला, फोनची सोय नव्हती. गोळी पुढे करताच डाव्या कानावर मारलं, केस धरले. मदत यायला अंदाजे दोन मिनिटं लागली. कान वाजतोय, तपासणी केली." आकडे तुझे जे खरे असतील ते घाल. यात कोणावर आरोप नाही, पण वाचणाऱ्याला कळतं की फोनची सोय हवी, गोळ्यांच्या वेळी मामा वॉर्डात हवा, हाकेची घंटा हवी. दोन प्रती कर, एकीवर आवक शिक्का घेऊन स्वतःजवळ ठेव. इन्चार्जना आधी दाखव, त्यांच्या मागे नको, म्हण मॅडम हे आपल्या दोघींच्या कामाचं आहे.

पोलीस केसचं. पेशंट आजारामुळे आपण काय करतोय किंवा ते चुकीचं आहे हेच समजण्याच्या स्थितीत नसेल तर तो गुन्हा ठरत नाही, पूर्वी आयपीसी ८४, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२. ते कोर्ट ठरवतं, आपण नाही, पण अशा माणसावर केस करून तुझ्या हाती काही लागणार नाही आणि त्याचे उपचार बिघडतील, म्हणून माझा सल्ला नको असाच आहे. इजा मोठी असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केसची नोंद) मात्र करायचीच, ती तुझ्या उपचार आणि भरपाईसाठी लागते. नातेवाईकांनी मारलं तर गोष्ट वेगळी, तिथे महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, डॉक्टर, नर्स सगळे त्यात येतात, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि अंगचटीला येणं, घाणेरडं बोलणं, कपडे काढून दाखवणं, हे पेशंटकडून झालं तरी 'आजारी आहे बिचारा' म्हणून गप्प बसायचं नाही. २०१३ च्या पॉश कायद्यात (कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी लिहिलेली आहे. त्या पेशंटला मेल नर्स देणं, तुझी ड्युटी बदलणं, एवढं तरी लगेच झालं पाहिजे.

आता पोटातला गोळा. तो तुझ्या कमजोरीचा नाही, ज्याला मार बसलाय त्याच्या शरीराला त्या जागेची आठवण राहते. पहिले काही दिवस झोप न येणं, मागून कोणी आलं की दचकणं, त्याच वासाने मळमळणं हे होतं आणि बहुतेकांचं हळूहळू उतरतं. महिना झाला आणि उतरत नसेल, स्वप्नं पडत असतील, ड्युटी चुकवावीशी वाटत असेल तर दाखव, आपल्याच वॉर्डाच्या डॉक्टरना नको वाटत असेल तर टेलिमानस आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात, फुकट आहे. घरी सांगू नको असं मी म्हणणार नाही, तुझ्या आईला सांगायला हवं. ती नोकरी सोड म्हणेल, म्हणू दे, तरी सांग.

त्या पेशंटला परत भेटणं हे लवकर कर, पण एकटीने नको. दिवसा, मामा किंवा दुसरी सिस्टर बरोबर, हातात ट्रे नको, इंजेक्शन नको, दोन मिनिटं. मी त्या गिलासवाल्या मावशींकडे पाचव्या दिवशी गेले, पट्टी होती कपाळावर. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग पट्टीकडे बघून म्हणाल्या, "लागला काय गो?" मी म्हटलं, "होय, लागला. आणि भावाचो फोन इल्लो ता तुमका कोणी सांगूक नाय, ता आमचा चुकला." त्यांनी खाटेवर सरकून जागा केली. त्यानंतर त्या वर्षभर वॉर्डात होत्या, माझ्या हातून गोळ्या घ्यायच्या.

सगळीकडे असं होईल असं नाही. काही पेशंट ओळखणारच नाहीत, काही परत मारतील. आणि हे सगळं करूनही दोन महिन्यांनी तुझा पोटातला गोळा तसाच असेल तर वॉर्ड बदलून माग, त्यात लाज काही नाही, मेडिसिनला किंवा पीडियाट्रिकला गेलीस तरी इथे शिकलेलं तिथे उपयोगी पडतं. फक्त रिपोर्ट त्याच्या आधी दे, शिक्का मारलेली प्रत बदलीच्या अर्जाला जोडता येते.